सत्तेचाळिसाव्या रस्त्याच्या पलीकडे

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर पाचव्या आणि सहाव्या अव्हेन्यूंच्या मध्ये सत्तेचाळिसावा रस्ता आहे. हिऱ्यांचा व्यापार करणाऱ्यांना हा रस्ता समजावून सांगावा लागत नाही. टोकाच्या खांबांवर हिऱ्याच्या आकाराचे दिवे, खाली काचेची दालने आणि वर मजल्यामजल्यांवर लहान-लहान पेढ्या. ज्यू व्यापाऱ्यांच्या जोडीने पालनपूर, सुरत आणि मुंबई येथील जैन कुटुंबांच्या पेढ्याही येथे गेली अनेक दशके आहेत. मुंबईच्या भारत डायमंड बोर्समधून कामासाठी गेलेला माणूस बहुधा हा एक रस्ता पाहतो, वेळ उरलाच तर टाइम्स स्क्वेअरचे दिवे पाहतो आणि विमान गाठतो. त्याच्या पेढीपासून दक्षिणेला सात रस्ते आणि उत्तरेला सहा रस्ते एवढ्या टापूत आणखी एक व्यवहार शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. त्या व्यवहारातही भांडवल आहे, माल आहे, उलाढाल आहे आणि क्वचित तोटाही आहे. तो व्यवहार म्हणजे तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी पुस्तके जमवण्याचा आणि ती जिवंत ठेवण्याचा.

दक्षिणेकडून आरंभ केला तर बेचाळिसाव्या रस्त्यावर सार्वजनिक ग्रंथालयाची संगमरवरी वास्तू लागते. १९११ साली ती लोकांसाठी उघडली. दाराशी दोन दगडी सिंह बसलेले आहेत. पर्यटक त्यांचे छायाचित्र घेतात आणि हेच ते ग्रंथालय असे समजून पुढे जातात. वास्तविक ही वास्तू संशोधकांची. येथील ग्रंथ येथेच बसून वाचायचे असतात. घरी पुस्तके देणारी ग्रंथालये म्हणजे शहरभर पसरलेल्या शाखा. त्यांचा पाया पोलादाचे उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०१ साली ६५ शाखांसाठी देऊ केलेल्या ५२ लाख डॉलरांनी घातला. या देणगीला एक अट होती आणि ती पैशांइतकीच मोलाची ठरली. इमारतीचा खर्च कार्नेगी देणार. जागा शहराने द्यायची आणि पुढचा सांभाळही शहरानेच करायचा. इमारतीवर जेवढा खर्च होईल त्याच्या एक-दशांश रक्कम दरवर्षी पुस्तके, पगार आणि देखभाल यांसाठी बाजूला काढली गेली पाहिजे, असा कार्नेगींचा सर्वसाधारण दंडक असे. एकदा दिलेल्या पैशाने भिंती उभ्या राहतात, ग्रंथालय मात्र दरवर्षीच्या पैशावर चालते, हे त्या उद्योगपतीने हिशेबातच धरले होते.

या शाखांमध्ये बालविभाग लवकरच उभे राहिले. अॅन कॅरोल मूर या करारी बाईंनी १९०६ पासून त्यांची सूत्रे हाती घेतली. लहान मुलांसाठी बुटकी टेबले, गोष्टींचे तास, वेचून घेतलेली पुस्तके असा सगळा थाट होता. अडचण पुढे येई. मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की त्याला बालविभागातील खुर्ची लहान पडे, आणि प्रौढ विभागात पाऊल टाकावे तर हजारो ग्रंथांच्या रांगांपुढे ते बावरून जाई. आपल्याकडील अनेक वाचनालयांतही बालविभागाच्या कपाटानंतर एकदम कादंबऱ्यांचे कपाट येते, मधल्या वयासाठी काहीच नसते. तेव्हा ही अडचण ओळखीची वाटावी. त्या काळी त्या वयाची बरीच मुले शाळा सोडून कामालाही लागत. बालविभागातून बाहेर पडलेला वाचक पुष्कळदा ग्रंथालयातूनच बाहेर पडत असे.

ही गळती थांबवण्यासाठी मूरबाईंनी १९१९ साली मेबल विल्यम्स यांना बोलावून घेतले. विल्यम्स यांचे काम शाळांशी संबंध जोडण्याचे होते, पण हळूहळू त्यांनी शाखाशाखांमधून कुमारवयीन वाचकांसाठी वेगळे कोपरे आणि वेगळ्या खोल्या मिळवल्या. १९२९ पासून त्यांच्या विभागाने दरवर्षी या वयासाठी पुस्तकांची यादी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. पुढे ती ‘बुक्स फॉर द टीन एज’ या नावाने ओळखली गेली आणि पाऊणशेहून अधिक वर्षे निघत राहिली. यादी दरवर्षी नव्याने तपासली जाई; जुनी नावे गळत, नवी येत. त्या काळी या वयासाठी म्हणून लिहिलेली पुस्तके मुळात थोडी होती. प्रौढांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून सोळा वर्षांच्या मुलाला झेपतील आणि आवडतील अशी निवडून काढणे हेच विल्यम्स यांच्या सहकाऱ्यांचे मुख्य काम होते. पुस्तक चांगले आहे एवढ्याने भागत नसे. ते त्या वयाला चांगले आहे काय हे पाहावे लागे, आणि त्यासाठी ते आधी स्वतः वाचावे लागे.

येथून कथेत व्यापारी येतात.

चौतिसाव्या रस्त्यावरील मेसीज हे न्यूयॉर्कमधील अवाढव्य दुकान सर्वश्रुत आहे. जर्मनीत १८४८ साली जन्मलेल्या नेथन स्ट्राउस यांच्या कुटुंबाने प्रथम त्या दुकानाच्या तळघरात चिनी मातीच्या भांड्यांचा विभाग भाड्याने चालवला आणि १८९६ साली संपूर्ण दुकानच ताब्यात घेतले. तळघरातील भाडेकरूने वरचे दुकान विकत घेणे ही गोष्ट कोणत्याही बाजारपेठेत आवडीने सांगितली जाईल. परंतु शहर स्ट्राउस यांना आठवते ते दुधासाठी. दूषित दुधाने गरिबांची अर्भके दगावत असताना त्यांनी १८९३ पासून पाश्चरीकरण केलेल्या दुधाची केंद्रे स्वतःच्या खर्चाने उघडली. १९३१ साली ते वारले. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, पूर्वेकडे बत्तिसाव्या रस्त्यावर ग्रंथालयाची एक शाखा त्यांच्या नावाने केवळ मुलांसाठी आणि तरुणांसाठी उघडण्यात आली. वयाची वरची मर्यादा एकवीस होती. शाखेची सूत्रे मार्गारेट स्कॉगिन यांच्याकडे आली. त्या १९२६ साली सुट्टीतील तात्पुरत्या कामासाठी या ग्रंथालयात आल्या आणि तेथेच राहिल्या.

स्कॉगिन यांनी त्या शाखेची प्रयोगशाळा केली. कोणती पुस्तके टिकतात हे तज्ज्ञांना विचारण्याऐवजी त्यांनी मुलांनाच विचारले. मुलांनी परीक्षणे लिहावीत, एकमेकांशी वाद घालावेत, एखादे पुस्तक कंटाळवाणे आहे असे मोठ्यांच्या तोंडावर सांगावे, याला तेथे मुभा होती. १९४६ पासून त्यांनी हाच प्रकार रेडिओवर नेला: तरुण वाचक ध्वनिक्षेपकापुढे बसत आणि पुस्तकाची चिरफाड करत. दुकानदार गिऱ्हाइकाचे ऐकतो, कारण न ऐकल्यास माल पडून राहतो. ग्रंथालयाने आपल्या सर्वांत चंचल गिऱ्हाइकाचे ऐकावे ही कल्पना मात्र त्या काळी पुष्कळांना धीट वाटली असावी.

दुसरा व्यापारी कापसाचा. इझिकिएल डॉनेल यांचे १८९६ साली निधन झाले. तरुणांना संध्याकाळचा वेळ वाईट संगतीपासून दूर राहून सत्कारणी लावता यावा, असे ग्रंथालय उभे राहावे म्हणून त्यांनी मृत्युपत्रात पैसा ठेवला होता. मृत्युपत्र आणि इमारत यांच्यात जवळजवळ साठ वर्षे गेली. १९५५ साली त्रेपन्नाव्या रस्त्यावर, आधुनिक कलासंग्रहालयाच्या समोर, डॉनेल ग्रंथालय उघडले आणि बत्तिसाव्या रस्त्यावरील तरुणांचा संग्रह स्ट्राउस यांचे नाव घेऊन तेथे आला. एकाच छताखाली कापसाचा व्यापारी आणि भांड्यांचा व्यापारी असे दोघे, आणि त्यांच्या नावांखाली या वयाच्या वाचकांची हक्काची जागा. हिऱ्यांच्या पेढीतून निघून सहा-सात मिनिटे चालले की ते दार येई. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या दोन-तीन पिढ्यांनी आपली पहिली ‘मोठी’ पुस्तके येथून नेली.

आज त्या पत्त्यावर उंच मनोरा आहे. ग्रंथालयाच्या विश्वस्तांनी ती जागा विकण्याचा निर्णय २००७ साली जाहीर केला. सौदा ५ कोटी ९० लाख डॉलरांचा होता. २००८ मध्ये डॉनेल बंद झाले आणि संग्रह वेगवेगळ्या शाखांत वाटला गेला. ठरल्याप्रमाणे नव्या इमारतीत ग्रंथालयाला जागा मिळायची होती, पण त्याच वर्षी जागतिक मंदी आली, काम रखडले, जागेचा मालक बदलला. अखेर २०१६ साली, आठ वर्षांनी, हॉटेलाच्या मनोऱ्याखाली नवी शाखा उघडली. मूळच्या सुमारे एक-तृतीयांश क्षेत्रफळाची, आणि तीही मुख्यतः जमिनीखाली. आत रुंद पायऱ्यांची बैठक आहे, समोर मोठा पडदा आहे, दिवे सुरेख आहेत. वरच्या मनोऱ्यातील सर्वांत उंचावरच्या सदनिकेची मागणी किंमत सहा कोटी डॉलरच्या घरात होती, म्हणजे संपूर्ण ग्रंथालय जितक्याला गेले साधारण तितकीच. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला यावर भाष्याची गरज नाही. आकडे शेजारी-शेजारी ठेवले की पुरते. विकणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी: इमारत जुनी झाली होती, दुरुस्तीला मोठा खर्च होता आणि विक्रीचा पैसा ग्रंथालयाच्याच कामी येणार होता. तरीही या सौद्यात सर्वाधिक गमावले ते कुमारवयीन वाचकाने. तेरा वर्षांची मुलगी २००८ मध्ये ज्या दारातून परत फिरली, ते दार पुन्हा उघडेपर्यंत ती एकवीस वर्षांची झाली होती. इतर वाचक थांबू शकतात. हे वय थांबत नाही.

याच कारणाने या वयाच्या संग्रहाचे शास्त्र इतर संग्रहांहून निराळे आहे. आपल्या ग्रंथभांडारांत जतन हेच पुण्य मानले गेले: पोथी वेष्टनात गुंडाळावी, वाळवीपासून राखावी, शेकडो वर्षे तशीच पुढे द्यावी. ते योग्यच होते, कारण प्रत एकच होती. कुमारवयीनांच्या कपाटाचा धर्म याच्या उलट आहे. येथे पुस्तक झिजले पाहिजे. चार वर्षे नवे कोरे राहिलेले पुस्तक म्हणजे पडून असलेला माल, आणि कपाटातील जागा हे गुंतलेले भांडवल. गच्च भरलेल्या फळीवर मुलाला फक्त पुस्तकांचे कणे दिसतात. थोडी पुस्तके काढून काही मुखपृष्ठे समोर करून ठेवली की तीच फळी बोलू लागते; कापडाच्या दुकानात एक ठाण उलगडून ठेवावे तसे.

काय काढावे यासाठी अमेरिकेतील ग्रंथपालांना टेक्ससचे जोसेफ सीगल यांनी १९७६ साली एक पद्धत घालून दिली आणि ती अद्याप वापरात आहे. तिच्यात दोन आकडे पाहतात: पुस्तक निघून किती वर्षे झाली आणि ते शेवटचे घरी नेल्याला किती वर्षे झाली. वैद्यकावरील पुस्तक पाच वर्षांनी जुने मानले जाते, संगणकावरील तीनच वर्षांनी. कादंबरीला वयाची अट नाही. तिला दोन वर्षांत कोणी हात लावला का एवढेच विचारले जाते. याखेरीज सहा दोष तपासतात: माहिती दिशाभूल करणारी आहे काय, प्रत फाटकी किंवा मळकी आहे काय, तिची सुधारित आवृत्ती निघाली आहे काय, मजकूर उथळ आहे काय, या वाचकांना तो गैरलागू आहे काय आणि ती अन्यत्र सहज मिळते काय. मळकेपणाचा दोष लहान वाटतो, पण पंधरा वर्षांच्या वाचकापुढे तोच पहिला ठरतो. वीस वर्षांपूर्वीच्या केशरचना मुखपृष्ठावर असलेले पुस्तक तो उघडणारही नाही, आत कितीही उत्तम कथा असो. अशा वेळी पुस्तक बाद करायचे नसते, त्याची नवी प्रत आणायची असते. एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी १९६७ साली, लेखिका स्वतः अठरा वर्षांची असताना, प्रसिद्ध झाली. ती आजही मागितली जाते, आणि जुन्या प्रती झिजून नव्या येत राहतात.

खरी कसोटी मालिकांची. ‘नारुतो’ ही जपानी चित्रकथा ७२ खंडांची आहे; ‘वन पीस’ने शंभरी केव्हाच ओलांडली. मुले या मालिका अखंड वाचतात. त्यांतील पहिला खंड हरवला की उरलेले सगळे खंड फळीवर असूनही नसल्यासारखे होतात, आणि मधला एखादा हरवला की वाचक तेथेच थबकतो आणि बहुधा परत येत नाही. हरवलेला खंड दोन आठवड्यांत पुन्हा आणणे हे कोणत्याही नव्या इमारतीपेक्षा मोठे काम आहे, पण या कामाची पाटी कोठेही लागत नाही. दात्याचे नाव दालनाला देता येते, जिन्याला देता येते, पंख्यालाही देता येते. तिसऱ्या खंडाच्या बदली प्रतीला अद्याप कोणी नाव दिलेले नाही. आपल्याकडे वाचनालयासाठी सढळ हाताने देणारी घरे थोडी नाहीत. त्यांतील एखाद्याने इमारत निधीऐवजी दहा वर्षांचा पुस्तक निधी दिला तर त्याचे नाव दगडावर कोरले जाणार नाही, पण फळ्या हलत्या राहतील.

संग्रह सांभाळण्याचे दुसरे अंग म्हणजे तो अडवून न ठेवणे. उशिराबद्दल दंड हा ग्रंथालयाचा जुना रिवाज. न्यूयॉर्कमध्ये पंधरा डॉलर थकले की सभासदाचे कार्ड गोठवले जाई. अशी सुमारे चार लाख कार्डे गोठलेली होती आणि त्यांचे प्रमाण गरीब वस्त्यांत अधिक होते. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरातील तिन्ही ग्रंथालय संस्थांनी उशिराचे दंड रद्द केले आणि जुनी थकबाकी माफ केली. हरवलेल्या पुस्तकाची किंमत मात्र आजही द्यावी लागते. व्यवहाराच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे: गिऱ्हाइकाकडून थोडी थकबाकी राहिली म्हणून त्याला दुकानाचे दारच बंद करणारा व्यापारी थकबाकीही गमावतो आणि गिऱ्हाईकही.

या वयाने काय वाचू नये, हा वाद अर्थातच येथेही आहे, आणि तो सौम्य नाही. गेल्या काही वर्षांत अमेरिकेच्या अनेक राज्यांत शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तके काढण्याच्या मागण्या वाढल्या. ब्रुकलिनच्या ग्रंथालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यावर आपले उत्तर दिले: देशात कोठेही राहणाऱ्या तेरा ते एकवीस वयाच्या वाचकाला त्यांनी विनामूल्य डिजिटल कार्ड देऊ केले. अमेरिकेतील ग्रंथपालांची भूमिका अशी की आपल्या मुलाने काय वाचावे हे ठरवण्याचा अधिकार पालकाचा आहे, पण शेजाऱ्याच्या मुलाने काय वाचावे हे त्याने ठरवू नये. ही भूमिका सर्वांना पटेल असे नाही. शिस्त आणि संस्कार यांना जपणाऱ्या घरांत ती अस्वस्थही करील. तथापि तिच्यातील व्यवहार नाकारता येत नाही: ज्या फळीवरून प्रत्येकाने आपल्याला न रुचणारे एक-एक पुस्तक उचलले, ती फळी काही दिवसांत रिकामी होईल. घरात काय वाचले जाते हे घराने पाहावे, मुलांशी त्याविषयी बोलावे. ते काम फळीवर सोपवता येणार नाही.

हा फेरफटका चाळिसाव्या रस्त्यावर संपतो. पाचव्या अव्हेन्यूच्या कोपऱ्यावरील इमारत एके काळी आर्नल्ड कॉन्स्टेबल या कापड-कपड्यांच्या प्रसिद्ध दुकानाची होती. पुढे ती ग्रंथालयाकडे आली आणि संपूर्ण नूतनीकरण होऊन २०२१ साली पुन्हा उघडली. त्यासाठी ग्रीक जहाजमालक स्टाव्रोस नियार्कोस यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने साडेपाच कोटी डॉलर दिले. तेव्हा कापूस, चिनी मातीची भांडी आणि पोलाद यांच्या पंक्तीला आता जहाजेही आली. तळघरात लहान मुलांचे दालन आहे आणि त्याच्या जवळच कुमारवयीनांचे. त्यात पुस्तकांखेरीज ध्वनिमुद्रणाची सोय आहे, संगणक आहेत, गटाने बसण्याच्या जागा आहेत. हे सगळे असूनही नोव्हेंबर २०२३ मध्ये शहराने खर्चात कपात केली आणि ज्या शाखा रविवारी उघड्या असत त्यांची दारे रविवारी बंद झाली. शाळेच्या मुलांना रविवार हा मोकळा दिवस. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात, बऱ्याच आरडाओरड्यानंतर, तो पैसा परत मिळाला. शंभर वर्षांपूर्वी कार्नेगींनी वर्षासनाची अट का घातली होती, हे त्या बंद रविवारांनी पुन्हा दाखवले.

कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास शाळा सुटतात. पाठीवर दप्तरे घेतलेली मुले जिन्याने खाली येतात. काही अभ्यासाला, काही मित्रांसाठी, काही केवळ घरी लवकर जायचे नाही म्हणून. दालनातील ग्रंथपालाची ढकलगाडी तोपर्यंत परत आलेल्या पुस्तकांनी भरलेली असते. त्यातले कोणते पुन्हा फळीवर जाईल, कोणते बाद होईल आणि कोणत्याची नवी प्रत मागवावी लागेल, हे ठरवायला ग्रंथपालाजवळ मुले येण्याआधीची जेमतेम काही मिनिटे असतात.